खडपकोट: पहिल्यांदा जीएम होणाऱ्यासाठी मराठी संच (प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट 2025)

1 जून

ठरलं ते असं: ज्याने आजवर एकदाही गेम मास्टर (पुढे जीएम: भूमिका-खेळात परिस्थिती सांगणारा आणि निकाल देणारा; बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात) म्हणून खेळ चालवलेला नाही, त्याच्या हातात ठेवता येईल असा एक संच. चार खेळाडू, तीन तास, एकच साहस. जागा मालवणातली, वाचनालयामागची खोली. आजपासून मासेमारी बंदी, त्यामुळे होडीवर जाणारी पोरं दोन महिने संध्याकाळी मोकळी आहेत. चाचणीला माणसं मिळतील.

नियम कुठले घ्यायचे यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका-खेळ 1974 पासून चालू आहे, खेळाडूंनी निदान नाव ऐकलेलं असतं, आणि त्याच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच (एसआरडी 5.1) जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय 4.0 परवान्याखाली खुला आहे. म्हणजे श्रेय छापलं की मराठीत उतरवायला, वाटायला, विकायलासुद्धा हरकत नाही. दुकानातल्या जाड पुस्तकांना हे लागू नाही. त्यातलं पान उतरवून वाटायचं नाही.

2025 मध्ये 5.2 आलं आहे. नव्या जीएमने दोन्हींची पानं एकत्र वापरू नयेत. शत्रूंचे आकडे, काही मंत्र आणि लढत किती जड हे मोजायची रीत बदललेली आहे. आपण 5.1 धरलं आहे आणि लढतीचा हिशोब 2014 च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकांच्या, रीतीने केला आहे.

8 जून

सामान.

सात फाशांचा संच (4, 6, 8, 12, 20 बाजूंचा एकेक, 10 बाजूंचे दोन) ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. चौघांत एक संच पुरतो, पण खोळंबा होतो. दोन बरे. फासे यायचे असतील तोवर हाऊजीच्या सोंगट्या चालतात: 1 ते 20 कापडी पिशवीत टाका, एक काढा, वाचा, परत टाका. परत टाकणं विसरलं की पुढच्या माणसाची शक्यता बदलते; 20 आधीच बाहेर असेल तर उरलेल्या संध्याकाळी कुणालाच 20 येणार नाही. नुकसानीसाठी (वार किती बसला ते मोजायला) ल्यूडोचा फासा आहेच.

फासे जमिनीवर टाकू नका. कपाटाखाली जातात. परातीत जुनं फडकं अंथरलं की आवाजही होत नाही, आणि फासा परातीबाहेर गेला तर पुन्हा टाकायचा, हा वाद न होणारा नियम आपोआप मिळतो.

पावसाळ्यात कागद दमट होतो, शाईचं पेन फुटतं. कॅरेक्टर शीट (पात्राचा तक्ता) जाड कागदावर आणि लिहायला पेन्सिल. एचपी (पात्राचा उरलेला जीव, वार बसला की कमी होतो) दर दोन मिनिटांनी खोडायचं असतं, त्या जागी शीट फाटते. म्हणून एचपीसाठी वेगळी चिठ्ठी टाचणीने लावायची. लाइट जाते, तेव्हा नियम मोबाइलवर ठेवून भागत नाही, छापील हवेत. आणि पत्र्यावर पाऊस बडवू लागला की समोरच्याचं ऐकू येत नाही. ज्या माहितीवर साहस पुढे सरकतं ती तोंडी सांगण्याबरोबरच चिठ्ठीवर लिहून हातात द्यायची, हे इथूनच ठरलं.

नकाशाला एक सेंटीमीटर चौकोनांची आलेख वही, एक चौकोन म्हणजे 5 फूट. पात्रांना शिंपले, शत्रूंना काजूच्या बिया.

15 जून

पात्रं तयार करून द्यायची. पहिल्या बैठकीत खेळाडूंना पात्र बनवायला बसवलं की दोन तास त्यातच जातात आणि खेळ सुरू होत नाही.

चौघेही मानव, पहिली पातळी. मानव घेतल्याने समजावून सांगायच्या चार-पाच खास क्षमता वाचतात. ताकद, चपळाई वगैरे सहा गुणांचे आकडे ठरलेल्या मांडणीतून (15, 14, 13, 12, 10, 8), मानव म्हणून प्रत्येकात 1 वाढवून. गुणातून 10 वजा करा, निम्मं करा, खालचा पूर्णांक घ्या, तो बदल फाशात मिळवायचा: 16 ला +3, 14 ला +2, 9 ला −1. शीटवर मूळ गुण बारीक आणि बदल ठळक छापला आहे, कारण खेळताना लागतो तो बदलच.

योद्धा: एसी (वार लागायला फाशाने गाठावा लागणारा आकडा) 18, एचपी 12. पुजारी: एसी 18, एचपी 10. भुरटा: एसी 14, एचपी 10. जादूगार: एसी 12, एचपी 8.

जादूगाराला मंत्रांची लांब यादी देऊ नका. पहिल्या पातळीवर त्याला दिवसातून दोनदाच मोठा मंत्र टाकता येतो, शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घेतली तर आणखी एकदा. झोपेचा मंत्र आणि जादूचे बाण एवढे दोन ठळक छापले. झोपेच्या मंत्रात 8 बाजूंचा फासा पाचदा टाकून जी बेरीज येते तेवढ्या एचपीचे शत्रू झोपतात, कमी एचपीवाला आधी. सरासरी साडेबावीस. दरोडेखोराचं एचपी 11, म्हणजे साधारण दोघे आडवे.

पोहण्याचा प्रश्न येणार हे धरून चाला. 5.1 मध्ये चिलखत घालून पोहायला वेगळा दंड लिहिलेला नाही आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही खेळाडूला हे पटत नाही. पटू नयेच. आम्ही जीएमच्या पानावर लिहिलं: जड चिलखतात पोहताना ॲथलेटिक्सचा चेक (जमलं की नाही ते ठरवणारा फासा) डिसॲडव्हांटेजने, म्हणजे 20 चा फासा दोनदा टाकून लहान आकडा. मात्र हे पाण्यात उतरण्याआधी सांगायचं. उतरल्यावर सांगितलं तर खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं.

22 जून

आता साहस. गोष्ट लिहायची नाही, परिस्थिती लिहायची. नवा जीएम "मग ते किल्ल्यात जातात, मग म्होरक्याला भेटतात, मग तो कबूल होतो" असं लिहून आणतो, आणि पहिल्याच दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतो, "आम्ही किल्ल्यात जातच नाही, त्यांची होडी फोडतो." लिहिलेलं सगळं वाया. त्याऐवजी एवढंच लिहायचं: कुणाला काय हवंय, ते कुठे आहेत, आणि कुणी काहीच केलं नाही तर काय होईल.

खडपकोट: नारळी पौर्णिमेचा दिवस. गावाचा मानाचा सोन्याचा नारळ दुपारी चोरीला गेला. भरती पूर्ण भरली की तो समुद्राला द्यायचा असतो. चोरटे समोरच्या खडपावरच्या पडक्या कोटात दबा धरून आहेत. भरतीला त्यांची होडी सुटेल. ओहोटीत खडपावरून चालत कोटापर्यंत जाता येतं. संपलं. बाकीचं खेळाडू ठरवतील.

घड्याळाचं काम भरती करते. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा आपल्याकडचा ठोकताळा: पौर्णिमा म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटीचा तळ त्याआधी सहा-सव्वासहा तास, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. साहस पाचला सुरू.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत बारा भाग चढतात: पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. उधाणाची चढ खेळापुरती 6 फूट धरली की एक भाग अर्धा फूट. वाटेवरचं पाणी मग असं:

सहाला अर्धा फूट, सातला दीड, आठला 3, नऊला साडेचार, दहाला साडेपाच, अकराला 6.

टेबलाच्या मध्ये एक कागद, त्यावर सहा चौकोन आणि हे आकडे. खेळाडूंना दिसेल असा. लपवलेल्या घड्याळाने कुणी घाई करत नाही. प्रत्येक लढतीनंतर एक चौकोन भरायचा, एखादी जागा कसून धुंडाळली की एक, शॉर्ट रेस्ट घेतली की एक (ती नियमातच एका तासाची आहे). बाहेर किती वाजले याच्याशी संबंध नाही. तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनात पाणी सगळ्यात वेगाने चढतं आणि नेमका तेव्हाच अंधार पडलेला असतो. जीएमला वेगळं नाट्य घालावं लागत नाही.

नकाशासाठी सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवला, पण तेवढा नाही. तटाची नागमोडी वळणं आणि जवळ जाईपर्यंत न दिसणारं महाद्वार, एवढंच घेतलं. समुद्रात गोड पाण्याची विहीर असणं हेही तिथलंच. कोटात आठ दिवस राहता येतं याचं कारण खेळाडूंना विचारावंसं वाटतं, तेव्हा उत्तर तयार हवं. खडपकोटात जागा पाचच: खडपाची वाट, चोरवाट, विहिरीचा चौक, पडकी सदर, होडीचा धक्का. प्रत्येकीला तीन ओळी. पाचाहून जास्त जागा तीन तासांत होत नाहीत.

29 जून

सुगावे.

चोरवाट सापडली नाही तर साहस अडतं, आणि नवखे जीएम इथेच अडकतात. डीसी (चेकमध्ये गाठायचा आकडा) 15 चा चेक ठेवला आणि पात्रांना +2 असेल तर फाशावर 13 किंवा जास्त हवे: शक्यता 40 टक्के. चौघांनी टाकलं तरी चौघेही चुकण्याची शक्यता 13 टक्के उरते. प्रत्यक्षात चौघे टाकतच नाहीत, एकजण म्हणतो "मी बघतो", आणि मग 60 टक्के वेळा दार सापडत नाही. जीएम घामाघूम होऊन "बरं, परत टाक" म्हणतो. त्या क्षणापासून फाशाला अर्थ उरत नाही.

म्हणून दोन नियम. पुढे जायला जे लागतंच, ते फाशामागे ठेवायचं नाही. फासा ठरवेल ते किंमत किती मोजावी लागली हे: चेक जमला तर वाट लगेच दिसते, नाही जमला तर दिसतेच पण भरतीचा एक चौकोन जातो. आणि प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला तीन सुगावे, तीन वेगळ्या ठिकाणी.

चोरवाटेचे तीन: गावातला म्हातारा तांडेल सांगतो की ओहोटीला कोटाच्या पायथ्याशी पाणी आत ओढलं जातं. तटाला एका रेषेपर्यंत कालवं चिकटलेली आहेत आणि एकाच जागी दगड ताजे खरवडलेले. चोरट्यांनी टाकून दिलेल्या दोरीचा अर्धा भाग ओला, त्याला शेवाळ. खेळाडूंना तिन्ही मिळण्याची गरज नाही. तिन्ही मिळाले तर त्यांना आपण हुशार असल्यासारखं वाटतं, त्यातही वाईट काही नाही.

5 जुलै

लढती. दोनच, आणि दुसरी टाळता येण्यासारखी.

चोरवाटेत महाकाय कुर्ल्या. एसआरडीतला आकडा: एसी 15, एचपी 13, आंगड्याचा मार +3 ने, नुकसान 4, आणि लागला की पकड, सुटायला डीसी 11. एका कुर्लीचे 25 एक्सपी (शत्रूला हरवल्याचे अनुभव गुण, लढत किती जड ते यांवरूनच मोजतात). चार घेतल्या तर 100, तीन ते सहा शत्रूंना दुप्पट धरायचं म्हणजे 200. पहिल्या पातळीच्या चौघांना सोपी लढत 100 ला, मध्यम 200, कठीण 300, जीवघेणी 400. म्हणजे ही मध्यम.

पकडलेल्या पात्राची हालचाल शून्य, सुटायला अख्खी कृती जाते. वाटेत पाणी दीड फूट असताना हे गमतीचं, साडेचार फूट असताना नाही. तरीही घाबरून कुणाला बुडवू नका: श्वास एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या गुणाच्या) बदलाएवढी मिनिटं रोखता येतो. +2 असेल तर तीन मिनिटं, म्हणजे लढतीच्या 30 फेऱ्या. लढत चार-पाच फेऱ्यांत संपते. लढतीत कुणी बुडून मरत नाही, आणि जो जीएम तसं करतो तो हा नियम वाचलेला नसतो.

सदरेत चोरटे. यादी बघून नवा जीएम हमखास "दरोडेखोरांचा कप्तान" उचलतो, कारण नाव शोभतं. त्याचे 450 एक्सपी. एकटाच 400 च्या वर, एचपी 65, एका पाळीत तीन वार. पहिल्या पातळीचा गट तिथेच संपेल. त्याऐवजी गुंड (एसी 11, एचपी 32, 100 एक्सपी) म्होरक्या करा आणि सोबत दोन साधे दरोडेखोर (एसी 12, एचपी 11, 25 एक्सपी): 150 ची दुप्पट 300, कठीण पण निभेल.

साध्या दरोडेखोराचा क्रॉसबोही हलका समजू नये. +3 ने एसी 12 वर 60 टक्के बाण लागतात, सरासरी नुकसान 5. जादूगाराचं एचपी 8, दोन बाणांत आडवा. 20 आला तर एकातही. एसी 18 वर तोच बाण 30 टक्केच लागतो. म्हणून जीएमच्या पानावर: पहिल्या फेरीत बाण समोर दिसणाऱ्या योद्ध्यावर.

वेळ वाचवायला: नुकसान सरासरीने (आकडा छापलेला असतोच, फासा टाकायची गरज नाही), सगळ्या कुर्ल्यांची इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) एकदाच, आणि निम्मे पडले की उरलेले पळतात. कुर्ली पाण्यात सरकते, चोरटा हात वर करतो. आठ जणांची फेरी माणशी एक मिनिटाने आठ मिनिटांची. शेवटच्या कुर्लीचे उरलेले 3 एचपी संपवण्यात तेवढा वेळ घालवणं निरर्थक.

12 जुलै

सेशन झिरो, खेळाआधीची अर्ध्या तासाची बैठक. शेवटची एसटी किती वाजता, फोन कुठे, जेवण मध्ये की नंतर. हे आधी, कारण अर्ध्यावर माणूस उठून गेला की सगळं विस्कटतं.

मग खरं महत्त्वाचं. या साहसात चढतं पाणी आहे. किनाऱ्यावरच्या खेळाडूंपैकी कुणाच्या घरातला माणूस समुद्रावर गेलेला परत आला नसेल, आणि तो हे चारचौघांत सांगेलच असं नाही. म्हणून प्रत्येकाला कोरी चिठ्ठी: काय नको ते लिहा, नाव नको. चिठ्ठ्या जीएम एकटा वाचतो. "बुडणं नको" आलं तर भरतीची जागा धुक्याला द्यायची, चौकोन सहाच, पाचव्यानंतर वाट दिसत नाही. संचात हा पर्याय छापला आहे. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्डही: कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

देवस्थान, राखणदार, खऱ्या गावांची नावं साहसात घेतलेली नाहीत. त्यावर हसतखेळत सुरू झालेलं बोलणं कधीकधी तसं संपत नाही.

19 जुलै

पहिली चाचणी. भरतीचा कागद चालला. तिसरा चौकोन भरताच सगळे पुढे झुकून बसले आणि भांडण पाण्याशी कमी, एकमेकांशी जास्त सुरू झालं. अडलं ते सुरुवातीला: कोटाचा इतिहास वाचून दाखवताना दुसऱ्या मिनिटाला लक्ष उडालं. वाचून दाखवायचा मजकूर चार वाक्यांवर आणला:

"पाच वाजलेत. समोर खडप उघडं पडलंय, हिरवं, निसरडं. पलीकडे कोट, आणि सदरेतून धूर येतोय. मागे गावात कुणी दिवा लावलेला नाही."

आणि लगेच, दर वेळी: "काय करताय?" वर्णन या प्रश्नाशिवाय संपवायचं नाही. प्रश्न कुणाला तेही ठरलेलं बरं, "काय करताय?" सगळ्यांना विचारलं की मोठ्या आवाजाचाच बोलतो. नाव घेऊन, डावीकडून उजवीकडे.

मध्येच पुजाऱ्याच्या खेळाडूने विचारलं, "माझ्याकडे दोरी आसा काय?" शीटवर नव्हती. अशा वेळी पानं चाळू नयेत. कोकणातून होडीने निघालेल्या माणसाकडे दोरी असेल का? असेल. मग आहे. नियम आठवत नसेल तर तात्पुरता निकाल द्यायचा, कोपऱ्यात टिंब काढायचं, खेळ संपल्यावर बघायचं. डीसी ठरवायला तीन आकडे पाठ असले की भागतं: 10 सोपं, 15 मध्यम, 20 कठीण. खडपावरून धावत जाणं 10, कुणाला खांद्यावर घेऊन 15.

27 जुलै

आयत्या वेळचं बोलणं. जीएमला वाटतं की प्रत्येक माणसाचे संवाद लिहून आणावे लागतील. दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, कोण कुठल्या सोंगात ते ठरलेलं असतं, संवाद रंगमंचावर उभे राहतात. जीएमलाही तेवढंच लागतं. प्रत्येक माणसाला एक हवं-नको आणि एक लकब, बस्स. तांडेल: मुलाला होडी मिळावी, वाक्य अर्ध्यावर सोडतो. म्होरक्या: रक्तपात नको, नारळ विकून घाटावर जायचंय, बोलताना विहिरीकडे बघतो. हे लिहिल्यावर सदरेतली लढत बोलून टळू शकते हे खेळाडूंना आपसूक कळतं.

पंधरा नावांची यादी जीएमच्या पानाच्या मागे. खेळाडू हमखास नाव नसलेल्या माणसालाच गाठून नाव विचारतात. वापरलं की खोडायचं आणि बाजूला कोण ते लिहायचं.

3 ऑगस्ट

दुसरी चाचणी, या वेळी कधीच न चालवलेला जीएम. संच एक दिवस आधी दिला, बाकी मदत नाही. गटाने चोरवाट घेतलीच नाही, पोहत धक्क्यावर जाऊन होडीचा दोर कापला. जागा पाचच असल्यामुळे जीएमने धक्क्याचं कार्ड वर घेतलं आणि चालू ठेवलं. कुर्ल्या वापरल्याच गेल्या नाहीत. परतीच्या वाटेवर पाचव्या चौकोनात त्याने त्या काढल्या, ते आमच्या मनातही नव्हतं. संचात घेतलंय.

खटकलं ते एक: पडलेल्या पात्राचे डेथ सेव्ह. प्रत्येक पाळीला 20 चा फासा, 10 किंवा वर यश, तीन यशं झाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मेलं. 1 आला तर दोन अपयशं, 20 आला तर 1 एचपीने उठलं. हे शीटवर नव्हतं, त्यामुळे ऐन वेळी शोधाशोध. सहा गोल छापले, तीन-तीन.

10 ऑगस्ट

छपाईला: जीएमचं पान (दोन्ही बाजू), पाच जागांची कार्डं, चार शीट, भरतीचा कागद आणि त्याचा धुक्याचा पर्याय, तीन सुगाव्यांच्या चिठ्ठ्या, शत्रूंचं पान, एसआरडी 5.1 चं श्रेय आणि परवान्याचा मजकूर. शत्रूंचं पान वेगळं ठेवलं. जीएमच्या पानामागे असलं की लढतीत सारखं उलटावं लागतं.

बाकी आहे: भरतीचा कागद लॅमिनेट करून घेणं, म्हणजे मार्करने भरून पुसता येईल. पाच खेळाडूंसाठी शत्रूंचे आकडे (प्रत्येक लढतीत एक कुर्ली किंवा एक दरोडेखोर जास्त, कप्तान तरीही नाही). गणपती 27 ला. त्याआधी संच वाचनालयात पोचवायचा, चाकरमानी येतील तेव्हा घरोघरी चार रिकामी माणसं आणि एक लांबलेली दुपार सापडतेच.